सरांचं नाक

सरांना वास येत नाही, हे आमच्या हॉटेलात फक्त मला माहीत होतं.

सर म्हणजे आमचे बेव्हरेज मॅनेजर. कल्याणीनगरच्या बाजूला असलेल्या त्या हॉटेलात कोणती वाइन मागवायची, कोणत्या पदार्थाबरोबर कोणती सुचवायची आणि कोणती बाटली परत पाठवायची, हे सगळं तेच ठरवत. पन्नाशी ओलांडलेले, सडसडीत, शर्टाच्या बाह्या कधी न दुमडणारे. पेठेत वाढलेले असल्यामुळे बोलणं कमी आणि जे असेल ते टोचणारं. एकदा एका पाहुण्यानं रेड वाइनमध्ये बर्फ मागितला. सरांनी बर्फ दिला आणि अत्यंत नम्रपणे विचारलं, "आपल्याला साखर पण आणू का?"

त्यांच्या हाताखाली मी आले ती योगायोगानं. मी रिसेप्शनवर शिकाऊ होते. एका दुपारी रेस्टॉरंटमध्ये माणसं कमी पडली म्हणून मला तिकडे धाडलं. लिंबूपाण्याचा जग टेबलावर नेता नेता मी थांबले आणि म्हणाले, "याला फ्रीजमधल्या कांद्याचा वास येतोय." तिथल्या दोघांनी हुंगून पाहिलं, त्यांना काही कळलं नाही. सरांनी जग नाकाशी धरला आणि सरळ बेसिनमध्ये ओतला.

"उद्यापासून रिसेप्शनला जाऊ नकोस," ते म्हणाले. मला वाटलं, नोकरी गेली.

पुढची चार वर्षं त्यांनी मला वास घ्यायला शिकवलं. पेरू, नासपती, ओली माती, भाजलेला पाव, संत्र्याची साल, जुन्या पुस्तकाची पानं. "नाव देता आलं पाहिजे," ते म्हणत. "नुसतं छान आहे, छान आहे म्हणायला पाहुणे आहेतच." वाइनचा घोट तोंडात फिरवायचा आणि बाजूच्या बादलीत थुंकायचा, हा या कामातला रिवाज. बाकीचे कधीमधी गिळत. मी कटाक्षानं थुंकायची, आणि त्याला कारण होतं.

आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे. बाबा तरुणपणी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात लागले. मी तिथल्या क्वार्टर्समध्येच वाढले. ते निवृत्त झाल्यावर आम्ही वारज्याला फ्लॅट घेतला. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्या घरी रोज पंचशील म्हटलं जातं, आणि पाचव्या शीलाच्या, म्हणजे मद्य न घेण्याच्या बाबतीत बाबा कुणालाही सूट देत नसत. क्वार्टर्समध्ये त्यांची थट्टा व्हायची, की हा जन्मभर दारूच्या कारखान्यात राहिला आणि दारूला शिवला नाही. बाबांना त्या थट्टेचा अभिमान होता. मी अजून रिसेप्शनवरच आहे अशी त्यांची समजूत होती. मी खोटं कधी बोलले नव्हते, फक्त बदली झाल्याचं सांगितलं नव्हतं. निदान मी स्वतःची समजूत तशी घालत असे.

एका पावसाळ्यात सर तापानं पडले. दोन आठवड्यांनी कामावर आले तेव्हा थोडे वाळलेले होते, एवढंच. चार दिवसांनी एका टेबलावर त्यांनी बाटली उघडली, आपल्या ग्लासात थोडी घेतली, नाकाशी नेली, मान हलवली आणि पाहुण्यांना ओतली. मी मागून ट्रे घेऊन जात होते. मला तिथूनच वास आला. ओल्या पुठ्ठ्याचा, माळ्यावर भिजलेल्या रद्दीचा. बुचातला दोष वाइनमध्ये उतरला की असा वास येतो. आमच्या धंद्यात अशा बाटलीला कॉर्क्ड म्हणतात. ती ओळखणं ही पहिल्या महिन्यात शिकण्याची गोष्ट. आणि सर शांतपणे चौथा ग्लास भरत होते.

पाहुण्यांनी बाटली परत केली. मी सरांच्या मागोमाग कोठीत गेले.

"सर, तुम्हाला वास आला नाही?"

ते बाटल्यांची लेबलं सरळ करत राहिले. मग म्हणाले, "परवा घरी दूध करपलं. मी गॅससमोर उभा होतो. बायकोनं आतून येऊन बंद केलं. लक्ष नव्हतं म्हणालो."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"वाट बघा म्हणाले. तेवढं मलाही सुचलं असतं."

कुणाला सांगू नकोस, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी कदाचित विचार तरी केला असता.

त्या दिवसापासून आमची एक पद्धत पडली. कुठलीही बाटली उघडली की ग्लास पुसण्याच्या निमित्तानं आधी मी वास घ्यायची. चांगली असेल तर माझं पेन खिशात. खराब असेल तर पेन हातात. सर नाकाशी ग्लास धरून पूर्वीसारखेच क्षणभर डोळे मिटायचे, मग उघडून माझ्या हाताकडे बघायचे आणि निकाल द्यायचे. माझी सुट्टी असेल त्या दिवशी ते शक्यतो फिरकीच्या झाकणाच्याच बाटल्या सुचवत, कारण त्यांना बूच नसतं. हे आठ महिने चाललं. त्या आठ महिन्यांत कामावर जाताना म्हात्रे पूल आला की मी पेन घेतलंय ना ते चाचपून बघायची.

त्यातच जनरल मॅनेजर बदलले. नवे साहेब दिल्लीचे. हसतमुख, हिंदी-मराठी मिसळून हळू बोलणारे, आणि सगळीकडे बारीक लक्ष असणारे. एका रविवारी, मी घरी असताना, कुणा पाहुण्यानं हट्टानं महागाची बाटली मागवली. ती खराब निघाली आणि त्यानं लेखी तक्रार केली. साहेबांनी तो कागद सरांना दाखवला. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "आपसे ये कैसे हुआ?" सरांनी कागदाची घडी घालून तो परत दिला.

एप्रिलमध्ये गच्चीवरचं नवं रेस्टॉरंट सुरू व्हायचं होतं. उद्घाटनाच्या संध्याकाळी सगळ्यांच्या हातात इटलीची बुडबुड्यांची वाइन द्यायची आणि पुढे तीच कायम ठेवायची असं ठरलं. तशा वाइनच्या दोन तऱ्हा समोर होत्या. पहिली प्रोसेको. हिचे बुडबुडे मोठ्या बंद टाक्यांमध्ये तयार होतात. ताजी, हलकी, नासपतीच्या आणि पांढऱ्या फुलांच्या वासाची. आमच्याकडे आलेल्या बाटलीवर 'एक्स्ट्रा ड्राय' लिहिलं होतं, म्हणजे नाव कोरडं आणि चव किंचित गोडसर. दुसरी फ्रांचाकोर्टा. हिचे बुडबुडे बाटलीतच तयार होतात, आणि तीच बाटली तळातल्या गाळासकट दीड-दोन वर्षं नुसती पडून असते. म्हणून तिला भाजलेल्या पावाचा आणि बदामाचा वास येतो.

सरांना फ्रांचाकोर्टा हवी होती. तरुणपणी प्रशिक्षणाला ते तिकडे तीन महिने राहून आले होते, आणि त्या वाइनबद्दल बोलताना त्यांच्या बोलण्यातला तिरकसपणा जायचा.

"प्रोसेको लोकांना माहीत असते," साहेब बैठकीत म्हणाले.

"माहीत आहे तेच द्यायचं असेल तर आपली गरज काय?" सर म्हणाले.

साहेब हसले. "मग लेबल न बघता चव घेऊ. गुरुवारी तीन वाजता. आपण तिघं. ग्लास मी स्वतः भरेन."

सर हो म्हणाले. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "सर, ते तुमची परीक्षा घेतायत."

"माझी परीक्षा घ्यायला त्यांना आधी पास व्हावं लागेल," सर म्हणाले. पण जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता. तसा ते कधी धरत नसत.

गुरुवारी दुपारी बँक्वेट हॉलचे पडदे ओढलेले होते. लांब टेबलावर पांढरी चादर, थुंकण्याच्या बादल्या, पाण्याचे पेले. साहेबांनी आतल्या खोलीत बाटल्या उघडल्या. दोन हलके फुसकारे मला ऐकू आले. मग ट्रे घेऊन ते आले आणि प्रत्येकापुढे दोन-दोन ग्लास ठेवले. डावीकडे एक नंबर, उजवीकडे दोन नंबर. या वेळी ग्लास पुसायला मला जागाच नव्हती. माझं पेन खिशात होतं.

"सर, पहिले आप," साहेब म्हणाले.

सरांनी ग्लास उचलले आणि पडद्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात धरले. मला समजलं, ते डोळ्यांनी बघताहेत. एक नंबरचे बुडबुडे मोठे आणि घाईचे होते, रंग फिका. दोन नंबरचे बारीक, एका रेषेत चढणारे, रंग थोडा पिवळसर. मग त्यांनी घोट घेतला. जिभेला गोड-आंबट कळत होतंच, ते काही गेलं नव्हतं. एक नंबरचा गोडसरपणा त्यांनी पकडला असणार.

"एक प्रोसेको, दोन फ्रांचाकोर्टा," ते म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली. बरोबर होतं. आता संपलं, असं वाटून मी माझा दोन नंबरचा ग्लास उचलला.

पुठ्ठा. ओला पुठ्ठा, आणि त्याच्या मागे तळघराची बुरशी.

मी पुन्हा वास घेतला. शंका नव्हती. मी पेन काढून हातात धरलं. सर माझ्याकडे बघत नव्हते. ही त्यांची वाइन होती. तिच्यासाठी त्यांना माझी गरज वाटली नसावी. त्यांनी दोन नंबरचा ग्लास नाकाशी धरला होता आणि डोळे मिटलेले होते.

"हिच्याबद्दल सांगा ना," साहेब म्हणाले.

मी पेन टेबलावर ठेवलं, मुद्दाम, आवाज होईल असं. सरांनी डोळे उघडले नाहीत.

"सोललेला बदाम," ते हळूच म्हणाले. "मग भाजलेला पाव, बेकरीच्या दारातून येतो तसा. आणि अगदी शेवटी संत्र्याची साल. साल, संत्रं नव्हे."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ते आठवत होतं.

साहेबांनी स्वतःचा ग्लास हुंगला. कपाळाला आठी पडली. पुन्हा हुंगला. मग सरांकडे न बघता माझ्याकडे वळले. "आप बताइए. तुम्हाला काय येतंय?"

बदाम म्हटलं असतं तर बदाम. साहेबांना स्वतःच्या नाकाची तितकी खात्री नव्हती, हे दिसत होतं. एका शब्दानं सर सुटले असते. आणि मग अशीच खराब बाटली उद्या कुणाच्या तरी टेबलावर, आणि पुढचे आठ महिने पुन्हा माझं पेन. मी सरांकडे पाहिलं. आता त्यांचे डोळे उघडे होते आणि ते टेबलावरच्या पेनाकडे बघत होते.

"बाटली कॉर्क्ड आहे," मी म्हणाले.

सरांनी ग्लास खाली ठेवला, चादरीवरची सुरकुती बोटानं सपाट केली.

"आपको नहीं आया?" साहेबांनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले. "मला कशाचाच वास येत नाही. ऑगस्टपासून." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिला माहीत होतं. मीच तिला गप्प बसवलं होतं."

हे खरं नव्हतं. मी तसं म्हणायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. वर्गात बडबड थांबवायला मास्तर करतात तसा.

साहेबांनी दोन नंबरचे तिन्ही ग्लास बाजूला सारले. मला वाटलं, आता दोघांनाही जायला सांगतील. ते उठले, आत गेले आणि फ्रांचाकोर्टाची दुसरी बाटली उघडून घेऊन आले. "काम तर पूर्ण करू," म्हणाले आणि माझ्यापुढे ग्लास ठेवला.

ही बाटली निर्दोष होती. मी ग्लास नाकाशी धरला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण सर म्हणाले होते ते सगळं त्यात होतं, त्याच क्रमानं. बदाम, पाव, साल.

"कोणती ठेवायची?" साहेबांनी विचारलं.

इथे मी गप्प बसले असते, किंवा सरांचा मान राखून फ्रांचाकोर्टा म्हटलं असतं, तर कुणाचं काही बिघडलं नसतं. दोन्ही वाइन चांगल्याच होत्या. पण मी चार वर्षं याच गोष्टीसाठी शिकले होते आणि पहिल्यांदाच मला कुणी विचारत होतं.

"प्रोसेको," मी म्हणाले. "एप्रिलची संध्याकाळ आहे, गच्ची तापलेली असेल. खायला चटण्या आहेत, चाट आहे, तिखट आहे. थोडी गोडसर, गार वाइन तिथे चालेल. फ्रांचाकोर्टा चांगलीच आहे, पण ती बसून, निवांत प्यायची. आपले लोक उभे असतील."

सरांनी बाह्यांची बटणं तपासली, खुर्ची आत सरकवली आणि ते बाहेर गेले.

मी व्हरांड्यात त्यांना गाठलं. "सर, मी सांगायला नको होतं."

"कॉर्क्ड आहे म्हणालीस, ते बरोबर केलंस," ते म्हणाले. "मीच शिकवलंय. उलट बोलली असतीस तर शिकवणं फुकट गेलं म्हणालो असतो." ते चार पावलं गेले आणि वळले. "पण प्रोसेको?"

"सर, उन्हात..."

"उन्हात लोक कोकम सरबतही पितात. तेच ठेवा."

त्या दिवशी मी लवकर घरी गेले. उजेड होता अजून. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मी समोर बसले आणि सांगून टाकलं, की मी रिसेप्शनवर नाही, चार वर्षं झाली, मी वाइनचं काम करते. एकाच दिवसात दोन गुपितं फोडण्याचं बळ कुठून आलं मला माहीत नाही. बहुधा पहिलं फोडल्यावर दुसरं हातात राहत नव्हतं.

"काहून?" बाबा म्हणाले. फार दुखावले की त्यांची भंडाऱ्याची बोली वर येते. "काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"पितेस?"

"तोंडात घेते. थुंकते."

"सगळी?"

"बहुतेक सगळी, बाबा. कधी थेंब जातो."

त्यांनी पेपराची घडी घातली, पुन्हा घातली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. बाबा उठून आत गेले. पाच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सहाव्या दिवशी डब्यात भाजी काय आहे ते विचारलं. त्या विषयावर आमचं त्यानंतर बोलणं झालेलं नाही. त्यांनी माफ केलं असं मला म्हणवत नाही. संध्याकाळी वंदनेला बसताना ते माझ्यासाठी जागा ठेवतात, आणि पाचव्या शीलाशी माझा आवाज हळू होतो, हे त्यांना ऐकू येत असणार.

हॉटेलात साहेबांनी सरांना काढलं नाही. खरेदीचं काम त्यांच्याकडे ठेवलं आणि चव घेण्याची जबाबदारी माझ्यावर टाकली. उद्घाटनाच्या संध्याकाळी गच्चीची फरशी साडेसहालाही चपलेतून चटके देत होती. पहिली बाटली सरांनी उघडावी असं साहेबांनी सुचवलं. त्यांच्याइतका सफाईदार हात आजही आमच्याकडे कुणाचा नाही. त्यांनी बूच घट्ट धरलं, बाटली फिरवली, जेमतेम एक उसासा निघाला. मग पहिला ग्लास भरून त्यांनी, सगळ्या पाहुण्यांच्या देखत, माझ्यापुढे धरला.

"बघ."

मी वास घेतला. "चांगली आहे, सर."

"प्रोसेकोला चांगली म्हणायला नाक लागत नाही," ते माझ्यापुरतं बोलले आणि ट्रेवरचे ग्लास भरायला लागले. लोक भराभर ग्लास रिकामे करत होते, पुन्हा मागत होते. माझी निवड चुकली नव्हती. सरांनी ते बघितलं, आणि पुढची बाटली उघडायला घेतली.

दिवाळीनंतर त्यांनी नोकरी सोडली आणि एका कॉलेजात शिकवायला लागले. मला वाटलं होतं, माझ्याशी संबंध ठेवणार नाहीत. पण महिन्यातून एकदा तरी फोन येतो. नाक थोडंथोडं परत येतंय, पण वेडंवाकडं. कॉफीला रॉकेलचा वास येतो म्हणतात, आणि साबणाला काहीच नाही.

गेल्या आठवड्यात सकाळी आठ वाजता फोन आला. मी निघायच्या घाईत होते.

"आज फोडणीत जिऱ्याचा वास आला," सर म्हणाले. "स्वच्छ. अगदी नाव देता आलं."

"अरे वा, सर!"

"हो. मी बायकोला म्हणालो, जिरं." ते थांबले. "ती म्हणाली, मोहरी होती."